धुळानं पश्चिमेच्या खोलीत वारं नेलं

धुळाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. मेंढरांमागे वाढलेला माणूस, आभाळ बघून उठायचा, चूक फार तर पाच मिनिटांची. सव्वाचारला कामावर हजर. कारण त्याचं काम माळ्यावर असायचं. वरचे पत्रे आणि खालचं सीलिंग यांच्यामधल्या पोकळीत मे महिन्यात सकाळी साडेनऊनंतर माणूस टिकत नाही. सव्वाचार ते साडेनऊ, सव्वापाच तास. तेवढ्यात जे होईल ते काम. उरलेला दिवस खाली बसून पत्रा कापायचा, वाकवायचा आणि उद्याची तयारी करायची.

मी जोतीराम, मूळचा कराडकडचा. सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका वर्कशॉपात एकोणीस वर्षं मोटर आणि कॉम्प्रेसरचं काम केलं. धुळा तिथंच पत्र्याचं काम करायचा. एअर कंडिशनच्या कामाला दोन माणसं लागतात. एक हवा थंड करणारा, दुसरा ती पत्र्याच्या डक्टमधून खोलीखोलीत नेणारा. थंड मी करायचो, न्यायचा तो. लोक मला मिस्त्री म्हणायचे आणि त्याला पत्रेवाला. कष्ट त्याचे जास्त होते. ते लिहून ठेवायचं राहिलं होतं.

धुळा आटपाडीच्या पुढच्या एका वाडीचा. एकोणीस घरांची वाडी. बाप बिराप्पा, चाळीसेक मेंढरं. तेवढ्यावर सगळ्या भावांचं भागेना, म्हणून धुळा चौसष्ट साली सांगलीला आला, आधी हमाली केली, मग पत्रा शिकला. बापाला ते कधीच पटलं नाही. त्यात म्हाताऱ्याचा एडका रोगानं मेला. कळपात नर नाही म्हणजे दर साली दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याचा एडका मागायचा. दोन वर्षं म्हातारा तसा मागत होता. धुळा म्हणाला, "आबा, मी आणतो एडका. माडग्याळी आणतो."

माडग्याळी म्हणजे उंच, लांब पायांचा, पोपटासारख्या बाकदार नाकाचा. आमच्या भागात त्याच्यावर मेंढरू नाही.

बिराप्पा वाडीभर ऐकू जाईल असा हसला. "पत्रं बडवून माडग्याळी? आन बरं. आणलास तर खांद्यावर घिऊन वाडीतनं हिंडवीन त्येला."

हे धुळानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला तो म्हातारा न बघता पाठ झाला होता.

पंचाहत्तर सालचा मे महिना. पलूसकडचे ऊसवाले लालासाहेब जीप घेऊन वर्कशॉपात आले. घरी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसं. सांगलीत त्यांचा दगडी बंगला होता. बंगला जुना, भिंती दीड-दीड फूट. आधीच्या मालकानं, एका सरकीच्या व्यापाऱ्यानं, पंचावन्न साली त्यात सगळ्या घराला मिळून एअर कंडिशनचा एक प्लँट बसवलेला. लालासाहेबांच्या वडिलांनी त्रेसष्टला बंगला विकत घेतला.

"घेतल्यापासनं प्लँटला दम न्हाई," लालासाहेब म्हणाले. "हॉलमधे जरा गार लागतं. टोकाच्या खोलीत काय बी पोचत न्हाई. पुण्याचा एक इंजिनियर आणला. तो म्हणतो, प्लँट लहान पडतोय, नवा घाला, तीन महिने लागतील. माझ्याकडं आठ दिवस हायत."

आठ दिवस का, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. धाकटा भाऊ मानसिंग लष्करात गाडीवर होता. पेट्रोलला आग लागून भाजला होता. पाठ, छाती, दोन्ही हात. पुण्याच्या इस्पितळात दीड वर्ष. कातडी लावून जगवला. पण लावलेल्या कातडीला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात तापून तो बेशुद्ध पडायचा. डॉक्टर म्हणाले होते, आठव्या दिवशी सोडतो, पण सव्वीस डिग्रीच्या वर न जाणारी खोली दाखवा आणि घेऊन जा. नसेल तर पुन्हा पावसाळा लागेपर्यंत वॉर्डात.

"त्याला टोकाचीच खोली का?" मी विचारलं.

"पश्चिमेची खोली. त्याची लहानपणापासनंची. शिवाय हॉलमधे माणसं येणार, बघणार. त्याला ते नको. चेहराबी भाजलाय." लालासाहेबांनी खाली बघितलं. "वारं पोचलं तर मागाल ती मजुरी. न्हाई पोचलं तर चहा प्या आन्‌ जावा."

धुळा म्हणाला, "चहात साखर किती घालणार, त्येवढं आधीच सांगा."

लालासाहेब हसले. मला वाटतं, त्या हसण्यावरच आम्हाला काम मिळालं.

बंगल्यात शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर सुभेदारांचा फोटो होता. लालासाहेबांचे आजोबा. पाच फूट बाय चार फूट, जाड सागवानी चौकट, छातीवर पदकं, मिश्या. खाली खुंट्यांवर तलवार. दर दसऱ्याला त्याच्यापुढं शस्त्रांची पूजा व्हायची. आम्ही चपला काढून नमस्कार केला. लालासाहेबांची आई बनुबाई तिथंच खुर्चीवर बसलेल्या असायच्या. सुभेदार त्यांचे सासरे.

मी मागच्या खोलीत जाऊन प्लँट चालू केला आणि हॉलमध्ये आलो. मोठा फोटो असतो तसा तो वरून थोडा पुढं झुकलेला होता. प्लँटनं वेग घेतला, तसा फोटो हळूच मागं गेला आणि भिंतीला टेकला. टक्क.

बनुबाई म्हणाल्या, "बघितलंस का? यंत्र चालू झालं की मामंजी अटेन्शनमधे येत्यात. पलटणीची सवय मेल्यावरबी जात न्हाई."

आम्ही हसलो. आधी येऊन गेलेला इंजिनियरही हसला असणार. तिघांनी नमस्कार केला, मागं कोणी बघितलं नाही.

पश्चिमेच्या खोलीत धुळानं आपल्या घोंगड्याची लोकर उपटली, बोटाएवढा पुंजका केला, कळकाच्या काठीच्या टोकाला दोऱ्यानं बांधला आणि छताजवळच्या जाळीसमोर धरला. पुंजका हलला न हलल्यासारखा.

"ह्यो काय प्रकार?" लालासाहेबांनी विचारलं.

"लोकर हाय साहेब. कुठनं वारं येतंय ते ही दावती. मेंढरं बसवायच्या आधी आमी असंच बगतो. लांडग्याचा वास कळपाकडं यावा, कळपाचा त्येच्याकडं जाऊ न्हाई."

खोलीत थर्मामीटर टांगला. दुपारी तीनला चौतीस. आठ डिग्री उतरवायच्या होत्या आणि आठ दिवस होते. मी तसं बोललो. धुळा म्हणाला, "मग आज एक झाली पायजे," आणि शिडी घेऊन गेला.

पहिले दोन दिवस काम माझं. फिल्टर बारा वर्षांत कोणी धुतला नव्हता. त्यातून निघालेला केर दोन पाट्या भरला. थंड नळ्यांमध्ये बसलेली घाण मी दाढीच्या ब्रशनं काढली, सोळा तास. हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचा पट्टा ढिला पडून घसरत होता, तो बदलला. पुंजका एक बोटभर कलला. तेहतीस.

मग धुळा माळ्यावर गेला. डक्टची लांबी बासष्ट फूट, सांधे सतरा. सीलिंगवर पाय दिला तर खाली कोसळणार, म्हणून वाशांवर पोट टेकून सरकायचं. एका हातात कंदील, दातात लोकरीची काठी. ज्या सांध्यापाशी पुंजका बाहेर ढकलला जाई तिथं हवा गळते. सतरापैकी अकरा सांधे गळत होते. प्लँट बारा वर्षं उंदरांना थंडावा देत होता म्हणायचं.

सांधे बंद करायला शहरात मिळणारा मसाला पत्र्यावर महिन्याभरात पोपडा धरतो. धुळाची रीत वेगळी. घोंगडं कडक करायला धनगर चिंचोक्याची खळ देतात. तीच खळ त्यानं वापरली. त्याची बायको सुलाबाई चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून रोज पहाटे पातेलंभर खळ शिजवायची. उंदरांनी खाऊ नये म्हणून तीत मोरचूद. कॅनव्हासच्या पट्ट्या त्या निळसर खळीत बुडवायच्या आणि सांध्याला दोन फेरे ओढून गुंडाळायच्या. एका सांध्याला चाळीस मिनिटं. सुलाबाईचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. बनुबाईंनी विचारलं, "हे काय गं, रंगपंचमी?" ती म्हणाली, "ह्यो सण वरीसभर चालतुया आईसाहेब, नवरा पत्रेवाला केल्यावर."

पाचव्या दिवशी मी चूक केली. मला घाई झाली होती. बाकीच्या सगळ्या खोल्यांच्या जाळ्या मी बंद केल्या, म्हटलं सगळी हवा पश्चिमेला जाईल. जोर सगळा ओल्या सांध्यांवर आला. तीन सांध्यांच्या पट्ट्या सुटल्या. दोन तासांचं काम गेलं. धुळा माळ्यावरून खाली आला, केसांत कोळिष्टकं, डोळे लाल. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"मिस्त्री," तो म्हणाला, "शंभर मेंढरं एका दारातनं काढली की दाराचं काय हुतंय?"

"मोडतं."

"मग उघडा की जाळ्या."

आणि परत वर गेला. तीन सांधे, दोन तास, पुन्हा.

सातव्या दिवशी सतराही सांधे पक्के होते. पुंजका चांगला हातभर अंतरावरून कलत होता. दुपारी तीनला थर्मामीटर बघितला. एकतीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याहून गाडी निघायची होती. बनुबाईंनी कंबरेच्या पिशवीतून मानसिंगचं पत्र काढलं आणि आम्हाला वाचायला दिलं. अक्षर वाकडं, भाजलेल्या हाताचं. 'आई, वॉर्डात पंखा आहे. तो गरमच हवा ढवळतो. माझ्या खोलीतल्या खिडकीतून चिंच दिसते का अजून?'

"मी त्याला कळवलं हुतं, दिसती म्हणून," बनुबाई म्हणाल्या. "आता काय कळवू?"

संध्याकाळी आम्ही प्लँटच्या खोलीच्या पायरीवर बसलो. सात दिवसांची मेहनत होती आणि ती एकतीसवर अडकली होती. मला वाटलं, चहा पिऊन जायची वेळ आली. धुळानं बिडी पेटवली. दोन झुरके मारले आणि तिसऱ्याला थांबला. बिडीचा धूर वर जात नव्हता. पायरीवरून सरळ दाराच्या फटीत शिरत होता, कोणी आतून ओढल्यासारखा.

त्यानं काठी घेतली. पुंजका फटीपाशी धरला. पुंजका आत ओढला गेला आणि तिथं ताठ उभा राहिला. आठवडाभरात घरात कुठंही तो इतका ताठ झाला नव्हता.

"मिस्त्री! ह्यो प्लँट भायेरचं गरम वारं कशापायी खातोय? घरातलं वारं परत कुठनं येतंय?"

"भिंतीतून. ते चौकोनी भोक दिसतंय ना, तिथून." मी पहिल्या दिवशी बॅटरी मारून बघितलं होतं. आत अंधार. बोळ पुढं जाऊन वर वळतो एवढं दिसलं. तो हॉलच्या कुठल्या तरी कोपऱ्यात निघत असेल असं मी धरून चाललो. तपासलं नाही. ही माझी दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी.

"तितनं येत आसतं तर दाराखालनं कशाला वडलं असतं?" धुळा उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला होता. "गड्या, पालाचं एकच तोंड उघडं ठिवलं तर वारं आत येत न्हाई. दुसरं तोंड सोडायला लागतंय, तवा पहिल्यातनं येतं. आपुन आठवडाभर पुढलं तोंड पुसत बसलोय. मागलं बंद हाय!"

बोळात शिरायला आधी फिल्टरची चौकट काढायला हवी होती. ती रिबिटांनी मारलेली, छत्तीस रिबिटा. त्यानं तिथंच छिन्नी घेतली. अंधार पडायच्या आत छत्तीसही तोडल्या. आत शिरणं पहाटेवर ठेवलं.

आठवा दिवस. सव्वाचारला आम्ही हजर. मी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि बोळाच्या तोंडाशी बसलो. आत माणूस असताना खिशातला फ्यूज कोणाला द्यायचा नाही, हा नियम. धुळा डोक्याकडून आत गेला. बोळ दोन फूट रुंद, दीड फूट उंच. चौदा फूट सरळ आणि मग वर. मध्ये उंदरांची घरटी, वटवाघळाची हाडं, बारा वर्षांची कापसासारखी धूळ. तो पुढं सरकायचा, केर पोटाखालून मागं ढकलायचा आणि मी तो ओढून बाहेर काढायचो. चौदा फुटांना सव्वा तास लागला. मग त्याचे पाय वर वळले आणि दिसेनासे झाले.

तेवढ्यात हॉलमधून बनुबाईंची हाक आली. हाक म्हणजे किंकाळीच. मी धावलो.

बनुबाई रोज पहाटे सुभेदारांपुढं निरांजन लावत. आज मुलगा येणार म्हणून लवकरच उठल्या होत्या. निरांजन हातात, डोळे फोटोवर आणि फोटोच्या आतून ठोकल्याचा आवाज. ठक. ठक. ठक.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "मानसिंग आज यायचाय. काय चुकलं आसंल तर माझ्यावर राग काढा, पोरावर नको."

सुभेदार आतून म्हणाले, "फळी हाय हितं! मिस्त्री! मोठी फळी हाय!"

बनुबाईंनी निरांजन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"आईसाहेब, म्या हाय, धुळा."

"कुठं हाईस रं?"

"कुठं ते मलाबी ठावं न्हाई. समोर जाळी हाय, जाळीम्होरं लाकूड हाय."

मी फोटोच्या कडेला गाल लावला. चौकटीच्या मागून गार, कुबट वास आला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटोच्या मागं जाळी होती. साऱ्या घरातली हवा परत प्लँटकडं जायची ती जाळी. हॉलच्या सगळ्यात मोठ्या भिंतीच्या मधोमध, पाच बाय चारच्या फोटोच्या बरोब्बर मापाची. लालासाहेबांच्या वडिलांना ती जाळी ओंगळ वाटली असणार, आणि सुभेदारांना तीच जागा शोभणारी. अटेन्शन कसलं! प्लँट श्वास घ्यायला जायचा आणि सुभेदार त्याच्या नाकावर बसायचे.

लालासाहेब बनियनवर धावत आले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"फोटो काढायचा?" ते म्हणाले. "वडिलांनी सोताच्या हातानं लावला. त्याच साली ते गेले. तवापास्नं कुणी हात लावलेला न्हाई. चुना दिला तरी भवतीनं देतो. आसं करू, पलूसला चुलत्यांना इचारतो—"

"साहेब," भिंतीतून आवाज आला, "इचारा, पर बिगीबिगी. हितं हात वर करायला जागा न्हाई, आन्‌ मागं जायला मिस्त्रीनं पाय धरून वडायला लागंल."

तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून ट्रंककॉल. पुण्याची गाडी पहाटे तीनला निघून साताऱ्याला पोचली होती. गाडीतले लष्करी डॉक्टर बोलत होते आणि त्यांचा आवाज हॉलभर ऐकू येत होता. खोली तयार आहे का? नसेल तर उन्हं चढायच्या आत ते इथूनच परत फिरणार. लालासाहेबांनी भिंतीकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"आठ वाजता परत फोन करा," ते म्हणाले. "तोवर थांबा."

"आठ. त्यानंतर नाही."

फोन ठेवला तेव्हा सव्वासहा झाले होते. बनुबाईंनी स्टूल ओढलं. पदर खोचला.

"आई, तू?"

"दसऱ्याला मी मामंजींची पूजा करती, भिंतीची न्हाई." त्यांनी चौकटीला हात लावला आणि हात तिथंच ठेवून, पलटणीतल्या घरातली बाई बोलेल तसं बोलल्या. "मामंजी, पहारा बदलायची वेळ झाली. नातू येतोय. जागा सोडा." मग मागं वळून, "धरा रं!"

लालासाहेब, मी, बनुबाई आणि जीपचा ड्रायव्हर. चौघांनी मिळून उचलला तेव्हा तो खिळ्यांवरून सुटला. मागं पितळी जाळी, लोकरीच्या गादीसारखी काळी. त्या काळ्यात दोन बोटांनी पाडलेलं भोक आणि भोकात धुळाचा एक डोळा.

"राम राम आईसाहेब," डोळा म्हणाला.

बनुबाई हसायला लागल्या. स्टुलावर बसूनच हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग लालासाहेब. मग मीही. भिंतीतून धुळा ओरडला, "हसा, पर आधी मला काढा!"

पुढच्या तासाचा हिशेब मिनिटांचा आहे. मी पाय धरून धुळाला ओढला, दहा मिनिटं. लालासाहेब आणि ड्रायव्हर यांनी जाळी रॉकेलनं आणि ब्रशनं घासली. धुळानं फिल्टरची चौकट स्क्रूनं बसवली, कोपर सोललेलं, रक्त पत्र्यावर. दाराची फट पोत्यानं बुजवली. सात वाजून पाच मिनिटांनी मी खिशातले फ्यूज लावले आणि स्विच ओढला.

ब्लोअरचा आवाजच वेगळा आला. बारा वर्षं कण्हत होता, आता गुरगुरला. मी पश्चिमेच्या खोलीत पोचायच्या आत धुळा तिथं होता. त्यानं काठी जाळीसमोर धरली. पुंजका आडवा झाला, फडफडला, दोरा तुटला आणि पुंजका उडून समोरच्या भिंतीला जाऊन चिकटला. धुळानं काठी फेकली आणि टाळी वाजवली. आठ दिवसांत त्यानं हातानं केलेलं हे एकच बिनकामाचं काम.

थर्मामीटर एकतीसवरून हलेना. दगडी भिंती आदल्या दिवशीच्या उन्हानं भरलेल्या. साडेसातला तीस. पावणेआठला एकोणतीस. बनुबाई नाक थर्मामीटरला लावून उभ्या. आठ वाजता अठ्ठावीस आणि फोन वाजला.

लालासाहेबांनी रिसीव्हर हातानं झाकला. "सव्वीस सांगू?"

"खोटं नगा सांगू," धुळा म्हणाला. "आठ्ठावीस हाय आन्‌ उतरतंय, म्हणावं. पोराच्या जिवाचं हाय."

लालासाहेबांनी तसंच सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळात उतरलं?"

"पंचावन्न मिनिटांत तीन."

"निघतो."

बनुबाईंनी धुळाच्या सोललेल्या कोपरावर हळद दाबली, इतक्या जोरात की तो ओरडला.

पावणेबाराला गाडी फाटकात आली. पश्चिमेच्या खोलीत साडेपंचवीस. मानसिंग आपल्या पायांनी उतरला, डॉक्टरांनी काखेत हात दिलेला. हॉलमध्ये तो थबकला. समोर मोकळी जाळी.

"आई, सुभेदार कुठं गेले?"

"तुज्या खोलीत. आधीच जाऊन बसल्यात."

फोटो त्याच्या पलंगासमोर लावला होता. जागा धुळानं लोकर धरून निवडली होती, जिथं हवा ना ओढते ना ढकलते. मानसिंग आत गेला. भाजलेला हात जाळीखाली धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग फोटोकडं बघितलं. वरून थोडा पुढं झुकलेला, हलत नव्हता.

"आता विश्राममधे हायत," तो म्हणाला. मग खिडकीपाशी गेला. चिंच होती.

दुपारी तीनला मी थर्मामीटर बघितला. सव्वीस. बाहेर एक्केचाळीस.

लालासाहेबांनी धुळाला विचारलं, "मागशील ती मजुरी म्हणालो हुतो. बोल."

"एका एडक्याची किंमत. माडग्याळी."

"एडका? आरं, मला वाटलं तू—"

"तेवढंच काम केलंय साहेब. सतरा सांधे, चौदा फूट बोळ. जास्ती घेतलं तर ते माझं न्हाई."

सुलाबाईच्या खळीची मजुरी बनुबाईंनी तिच्या हातात वेगळी दिली. ते धुळानं मागितलं नव्हतं, सुलाबाईनं मागितलं होतं. बरोबर केलं.

पुढच्या आठवड्यात मी धुळाबरोबर आटपाडीच्या बाजारात गेलो. सकाळपासून दुपारपर्यंत त्यानं अकरा एडक्यांचे दात बघितले, पाठीवरून मूठ फिरवली, खूर उचलले. बाराव्यापाशी थांबला. दोन दाती, तांबूस डागाचा, नाक असं की आरशात बघून केलं असावं. मालकाशी उपरण्याखाली बोटं धरून सौदा झाला. मग पायी वाडीला, एडका दोरीला.

बिराप्पा दारात बसला होता. उठला. एडक्याचे दात बघितले, कणा चाचपला, डोळ्याची पापणी वर केली. एकदा धुळाच्या कोपरावरची खपली बघितली. मग पागोटं घट्ट केलं, वाकला आणि एडक्याच्या पोटाखाली मान घातली.

"आबा, ऱ्हाऊ द्या," धुळा म्हणाला. "कंबर मोडंल."

"गप बस. सबूद हाय," म्हातारा म्हणाला.

पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात, एडका मानेवर आडवा. सत्तरीचा माणूस. पहिल्या घरापाशी पोरं जमली, तिसऱ्यापाशी बायका. "कुणाचा ओ एडका?" कोणीतरी ओरडलं.

"माज्या धुळाचा!" बिराप्पा ओरडला. "पत्रं बडवून आणलाय!"

एकोणीस घरं. मी मोजली. तो शेवटच्या घरापर्यंत गेला, आणि धुळा रिकामी दोरी हातात धरून मागून चालत होता.